सातव्या टेबलाचं बिल

मंगळवारी धंदा मंदा,
म्हणून बद्रीशेठनं वरचा फॅमिली हॉल
परदेशी लोकांना दिला, कविता वाचायला.
"नाचायचे नाहीत, बाटल्या फोडायचे नाहीत. वाचू दे."
माईक आला मंडपवाल्या बब्बूकडून,
दांड्याला चिकटपट्टी तशीच:
'कदीम जालना, लग्न, परत आणणे.'

आधी उवेसाहेब.
वाळूजला मशीन बसवायला आलेले,
तीन महिन्यांचं काम, दुसरा उन्हाळा.
मोबाईलमधून वाचायलेत, मला काय कळणार,
पण मध्येच त्यांनी शीळ घातली
आणि जिन्याखालचं आमचं लंगडं कुत्रं
थेट वर येऊन माईकपुढं बसलं.
टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

मग शेंद्र्याचे कोरियन साहेब. आडनावच ओह.
तीन ओळी वाचल्या, थांबले.
सगळे थांबले.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
ते खाली बसले
तेव्हा कळलं, झाली.

इखलास सुदानची, विद्यापीठात जंतूंवर काम करते.
तिची इंग्रजीत होती, खोली शोधण्यावर.
सतरा दारं, सतरा नकार,
एकेक निराळ्या आवाजात.
शेवटचा मराठीतून:
"नाही बाई, आमच्यात नाही चालत."
उच्चार इतका बिनचूक
की मला सिडकोतली माझी मावशी दिसली,
पदराला हात पुसणारी.
कुणी हसलं. मी ट्रे दुसऱ्या हातात घेतला.

आणि अम्मार.
लिंबू सोड्याचे तीन ग्लास, सातवा टेबल,
ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी., घरी लढाई.
कागद नव्हता. डोळे मिटून म्हणू लागला.
माझं लक्ष गिऱ्हाइकावर, कवितेवर नाही,
तरी शब्द ओळखीचे निघू लागले:
दुनिया. हवा. जवाब.
मग हिसाब.
थोड्या वेळानं परत, जोरात, हिसाब!
तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून.

वीस वर्षं वेटरकी केलेला माणूस काय करील?
बडीशेप, खडीसाखर, बिल,
नेऊन ठेवलं समोर.
एकशे ऐंशी.

हॉल गप्प. बद्रीशेठ जिन्यात, कपाळाला हात.
अम्मारनं डोळे उघडले, बिल बघितलं,
आणि असा हसला की माईक कोकलला.
म्हणाला, आमच्याकडंबी बिलाला हेच म्हणतेत.
मग बिल उचलून
उरलेली कविता त्याच्याकडं बघत म्हटली,
जशी त्याच्यावरच छापलेली होती,
आणि एका जागी आवाज फाटला.
भाऊ होता म्हणे तिच्यात,
इखलासनं नंतर सांगितलं.
पैसे पूर्ण दिले. टिप नाही. विद्यार्थीच तो.

खाली पार्किंगला सालेह मामू चाऊस.
बार म्हणून पायरी चढत नाही,
पण स्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू जातो.
अम्मारच्या तोंडावर बॅटरी मारली:
"कहाँ के?"
"हद्रमौत."
"हम भी वहींच के."
"कब आए?"
"डेढ़ सौ बरस हुए. निजाम की फौज में."
पार्किंगचे दहा रुपये मात्र घेतले.

शटर ओढताना मी विचारलं,
मामू, येती का तुम्हाला ती भाषा?
"दादी गिनती करती थी उसमें. दस तक सिखाई थी."
आणि बोटं दुमडत सुरू झाला:
वाहद, इस्नेन, सलासा, अरबा,
खमसा, सित्ता, सबा...
पुढचं येईना.
बॅटरी बंद केली, चालू केली,
कुत्र्याकडं बघितलं,
पुन्हा वाहद.