उत्तरेची तळी

पंपाच्या कंपनीचं कॅलेंडर, साल सत्याऐंशी,
डिसेंबरचं पान.
उत्तरेकडचं कुठलंसं तळं, बर्फ नुकतं वितळलेलं,
काठावर चाकांचं घर, घडीच्या दोन खुर्च्या,
आणि एक म्हातारा-म्हातारी
कॅमेऱ्याकडे पाठ करून.
जलखात्याच्या चौकीत चुरींनी
ते पान तेवीस वर्षं उतरवलं नाही.
नवी कॅलेंडरं आली, ती त्याच्या शेजारी लागली.
रिटायर झाल्या दिवशी लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात,
हे ती गुंडाळी घेऊन आले.
नारळ चौकीतच विसरला.

आमचं चाकांचं घर म्हणजे ओम्नी.
आधी शाळेची मुलं ने-आण करायची.
मागची बाकं काढली, फळी ठोकली,
माझ्या दोन वॉयलच्या साड्यांचे पडदे शिवले.
पडदा सरकवला की पत्र्यावर अजून दिसतं
कुणी खिळ्याने कोरलेलं: पार्थ गाढव आहे.
त्यावर रंग लावू दिला नाही मी.

आणि उत्तर म्हणजे केवढी उत्तर?
माहीमवर बोट ठेवायचं, जरा वर सरकवायचं,
तीन निळे ठिपके.
विहार-तुळशीला आता यांनाही परवानगी लागते,
म्हणून पवई.
सकाळी निघतो, दुपारी पोचतो.
कुर्ल्याला टायरमध्ये हवा, साकीनाक्याला लिंबं,
एकदा तर नुसतेच थांबलो, एका बंद दुकानासमोर,
सावली बरी होती म्हणून.

वॉचमन विचारतो, किती वेळ आहात?
चुरी घड्याळ बघतात, मग हसतात.
म्हणतात, मंगळवारपर्यंत.
तो आम्हाला पाटीच्या दहा फूट पलीकडे सरकवतो
आणि संध्याकाळी चहाला येतो,
काल मगर कुठे वर आली होती ते सांगत.
मी बोंबलाचं भुजणं मंद आचेवर ठेवते.
रात्री तीनदा उठावं लागतं,
तो प्रश्न समोरच्या पेट्रोलपंपाने सोडवलाय.

पन्नास वर्षं झाली. नाही, त्रेचाळीस.
मी एक्स्चेंजात, रात्रपाळीला.
पहाटे सहाला तुळशीच्या चौकीतून कॉल:
"तुळशी, एकशे सदतीस पॉइंट चार."
मी मुख्य कचेरीला जोडून द्यायचे.
चेहऱ्याआधी मला या माणसाचं पाणी माहीत होतं.
मे महिन्यात आवाजसुद्धा तळाला जायचा.
आणि तळं भरून वाहिलं त्या दिवशी
आकडा सांगून झाला तरी फोन ठेवला नाही;
बराच वेळ नुसती खरखर,
मग, "तुमचा चहा झाला का?"

पवईचं पाणी पिण्याचं नाही.
यांच्या वहीत ते कधी नव्हतंच.
म्हणून तर, चुरी म्हणतात, इथे नुसतं बघता येतं.
बघतातही. तासन् तास.
जलपर्णीवरून पाणकोंबडी चालत जाते,
पलीकडच्या टॉवरांचे दिवे पाण्यात लांबतात,
आम्ही दोघं शहराकडे पाठ करून.

काल रात्री जाग आली तर शेजारी नाहीत.
खाली पायरीवर टॉर्चचा उजेड,
चुरी उकिडवे, गुडघे धरून,
दगडावर खडूची रेघ मारताना.
काय करताय?
काही नाही.
बरं, म्हटलं, स्वेटर घाला.

पहाटे सहाला स्टोव्ह पेटवला.
चुरी खुर्चीत, चादर खांद्यावरून,
पाण्याकडे तोंड.
घसा खाकरला, आवाज तोच, त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा:
"पवई..."
आणि अडले.
पुढे आकडाच नव्हता.
रेघ होती, पण तिला नाव काय द्यायचं?

किटली माझ्या हातात.
होल्ड करा, म्हटलं,
जोडून देते.