पोच

परतूर सोडलं की सेलूच्या अलीकडे
एक स्टेशन होतं. नाव सांगत नाही.
बाप तिथं पॉइंट्समन. सिग्नलचा हात
त्याच्या खांद्याच्या जोरावर पडायचा, उठायचा.
मला वाटायचं, गाड्या बापाला घाबरतात.

अठ्ठेचाळीस साल. गावात बोलणं महाग झालेलं,
म्हणून वस्तू बोलायच्या.
गोदूबाई शिंपिणीच्या माळवदावर
निळं लुगडं वाळत असलं तर वाट मोकळी;
लाल असलं की सरहद्दीकडून आलेली पोरं
दुधनेच्या काठी पऱ्हाटीत पडून राहायची.
एकदा नातू ओकला निळ्यावर,
बाईनं ध्यानात न घेता लालच टाकलं वाळत.
तिघंजण दिवसभर चिखलात.
रात्री आले तेव्हा शिव्या द्यायलाही
त्यांच्यात आवाज उरला नव्हता.
भाकरी मागितली फक्त.
बाई आधी हसली, मग चुलीकडं तोंड करून बसली.

तारबाबू गुलाम दस्तगीर, मूळचे बीदरचे.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
यंत्रातलं कट्ट-कडकट्ट मान तिरकी करून ऐकायचे,
मोटकरी जसा चाकाच्या कुरकुरीवरून
विहिरीतलं पाणी ओळखतो.
मला जवळ बसवायचे:
"हात नक्को लगा बेटे. सिरफ सुन."

मोंढ्यातला रेडिओ रोज सांगायचा
की रियासतीत सगळं ठीक आहे.
रेडिओ लागला की दस्तगीरसाब
सुपारी जरा जास्तच बारीक कातरायचे.

श्रावणात एका दुपारी तार आली.
त्यांनी ती उतरवली, घडी घातली,
मास्तरच्या पेटीत टाकली.
नोकरीची शपथ होती, तोंडातून शब्द नाही.
चहाची बशी तेवढी उपडी घातली
आणि चमच्यानं वाजवली, सलग.
आमच्या खेळातली खूण ही:
रिकाम्या मालगाडीला एक टोला,
भरलेली असली की असं न थांबता.
मी बशीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.
ते सुपारी शोधत होते.
मी पळालो.
लाल लुगडं चढलं.
गाडीतून बंदुका घेऊन उतरलेल्यांना
गावात म्हाताऱ्या सापडल्या, आणि कुत्री.

भादव्यात विमान घरघरत गेलं. फौज आली,
हार घालून घेतले, पुढं निघून गेली.
पुलाजवळची तार आपल्याच माणसांनी तोडलेली;
ती जोडायची कुणाला आठवण नव्हती.
क्वार्टरच्या छपरावर
दस्तगीरसाबच्या बायकोनं पांढरी ओढणी बांधली.
निळ्याचा अर्थ ठरलेला होता, लालचाही.
पांढऱ्याचा
कुणी कुणाशी ठरवला नव्हता.

रात्री मशाली आल्या, आमच्या बाजूच्या.
त्यातला एक आवाज मी ओळखला:
एकदा भाकरी मागताना जो बसलेला होता, तोच.
आता चांगला खणखणीत.
आणि भिंतीपलीकडून
बशी.
सलग. न थांबता.
चमचा नसावा हाताशी, बहुतेक बोटातली अंगठी.
त्या अख्ख्या गावात अर्थ कळणारा मी एकटा,
वय वर्षे नऊ.
बापानं माझ्या तोंडावर हात दाबला.
कानावर दाबायचा राहून गेला.

गोदूबाईनं अंधारातच
लाल लुगडं माळवदावर टाकलं होतं म्हणतात.
रात्री लाल आणि काळं सारखंच दिसतं.

सकाळी क्वार्टरचं दार सताड उघडं. बशी शाबूत.
कुणी म्हणतं, बीदरला सुखरूप पोचले.
कुणी दुधनेचं नाव काढतं
आणि तिथंच बोलणं सोडतं.

तारखात्याचा एक नियम
त्यांनीच शिकवला होता मला:
निरोप मिळाला की उलट एक टोला द्यायचा,
त्याला पोच म्हणतात.
पोच गेली नाही
तर समोरचा वाजवतच राहतो.