सड्यावर, पाऊण वाजता

कातळ तापला की धावपट्टी हलायला लागते,
टोकावरची पांढरी खूण पाण्यात पडल्यासारखी.
मी आत्ताच उतरले, जयगडपासूनचा किनारा टिपून.
टाकी भरली, आणि आता लगेच निघायला हवं:
भरती चढायच्या आत
पूर्णगडच्या खाडीचा उघडा गाळ कॅमेऱ्यात यायला हवा.

इंजिन घेत नाही.

सकाळी घेतलं होतं की, एका हाकेत.
सहा वाजता पंखांवर दव होतं,
लाल दांडा पुढे, काळा पाव इंच,
पंप चालू, इंधनाचा काटा उठेपर्यंत
एक, दोन, तीन, चार,
पंप बंद, किल्ली.
आणि चार सिलिंडर जागे झाले
एका पडवीत झोपलेल्या चार भावांसारखे,
आधी थोरला खोकला, मग सगळेच.

तेच सगळं मी आत्ता केलं. तस्संच.
हीच चूक.

इंजिनाच्या डोक्यावरून गेलेल्या त्या नळ्या,
उदबत्तीच्या काडीपेक्षा थोड्याच जाड,
त्यांच्यात पेट्रोल उकळून वाफ झालेलं.
वाफ पुढे सरकत नाही, मागे फिरत नाही,
लग्नघराच्या दारात रुसून उभ्या राहिलेल्या मामासारखी
नुसती वाट अडवते.
मला वाटलं, कमी पडतंय.
पुन्हा पंप. पुन्हा किल्ली. पुन्हा पंप.
आता नाकाखालून निळसर थेंब गळतो
आणि कातळावर डाग धरायच्या आत
उडून जातो.

काजूच्या सावलीतून लतीफ फणसोपकर उठतात.
धावत येत नाहीत. कधीच नाहीत.
"किल्ली काढ गो. स्टार्टरला पण जीव आहे."
आम्ही दोघं ढकलून विमानाचं नाक
खाऱ्या वाऱ्याकडे फिरवतो,
ते तेलाचं झाकण उघडून ठेवतात,
आणि आतली हवा थरथरत वर येते,
भाताच्या टोपावरचं झाकण काढावं तशी.

मग बसायचं. पंखाखाली.
मी घड्याळ बघते. ते बघत नाहीत.
मिरकरवाड्यात भावाच्या ट्रॉलरवर
अठरा वर्षं डिझेल सांभाळलं त्यांनी,
डावा कान तिथेच ठेवून आले.
"डिझेल दाबलं की पेटतं," ते म्हणतात,
"हे दाबलं की रुसतं."
मग बराच वेळ काहीच नाही.
दूर कुठेतरी चिरेखाणीतलं कटर ओरडतं.
माझा गाळ पाण्याखाली जातो आहे.

"आता बस. लाल पूर्ण मागे.
काळा पूर्ण पुढे. पंपाला शिवायचं नाय."
म्हणजे काहीच द्यायचं नाही?
"हवा दे. लई पाजलंस तू."

किल्ली.
पातं फिरतं. एक. दोन.
भरलेल्या पोटाने उंबरठा चढावा तसं, जड.
चार. पाच.
सहाव्याला एक उचकी.
आठ.
नवव्याला पेटतं, एकदम, गुरगुरत,
आणि त्या क्षणी एकाच हाताला दोन कामं:
काळा मागे, लाल पुढे,
काळा चुकला तर ते उधळतं,
लाल चुकला तर उपाशी मरतं.
काळ्या धुराचा एक लोट, मग साफ.
लतीफचाचा उजवा कान इंजिनाकडे करून
डोळे मिटून उभे,
मग वाकून चाकाखालचा ठोकळा काढतात.

पूर्णगडला पोचले तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली.
एक होडी, तिची सावली, बाकी चकाकी.
तरी दोन फोटो घेतले.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
दुपारचा स्टार्ट, उशीर पस्तीस मिनिटं, नववा फेरा.
कारणाच्या रकान्यात: चूक माझी.

सकाळी वही उघडली
तर ते दोन शब्द खोडलेले,
आणि बाजूला, तेलकट बोटाच्या ठशाशेजारी,
बॉलपेनने, जरा तिरकं:
ऊन.