जायफळ वगळून

ठाकूरद्वारच्या नाक्याआड माझं काउंटर:
एक वजनकाटा, चिकटपट्टीची रिळं,
भिंतीवर देशोदेशींच्या मनाईच्या याद्या.
तेवीस वर्षं इथे बसून
मी परदेशी गेलेल्यांच्या जिभा तोलतो.
स्वतः विमानात बसलेलो नाही.

मेतकूट, भाजणी, आमसुलं,
कुणाच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू.
वजन जास्त भरलं म्हणून दोन लाडू काढायला लावले
की बाई अशी बघते,
जणू नातवाच्याच तोंडचे काढले.
पातळ काही नको, सांडणारं काही नको,
आणि दम्मामला जायफळ नको.

'का?' कोठारेबाईंनी विचारलं.
'नशा येते म्हणतात तिकडे.'
त्या हसल्या. चष्मा काढून, पुसून, पुन्हा हसल्या.
'अहो मयेकर, आमच्या सासऱ्यांना
रोज रात्री जायफळाची कॉफी लागायची.
नशा राहू द्या,
त्यांना कधी धड झोपसुद्धा लागली नाही.'

उन्मेषचा फोन येतो शुक्रवारी.
तिथे यंत्र आहे म्हणे, बटण दाबलं की फेस,
कंपनी फुकट देते, हवी तेवढी.
चांगली असते गं, तो म्हणतो,
पण ती माणसाला जागं ठेवायला असते.
आपली असायची
ती आलेल्यानं अजून थोडं बसावं म्हणून.

मग विचारतो:
साखर आधी घालायची की पूड?
सायीसकट गाळायची का?
पंचेचाळिशीचा माणूस, समुद्रापलीकडून.
आणि आईला सांगता येईना.
हाताला ठाऊक, तोंडाला नाही.
शेवटी फोन बरणीला टेकवून
तिनं ओट्यावर करूनच दाखवली.
दूध वर आलं, खाली बसलं,
आणि सहाणेवर तिनं जायफळाचे चार वेढे दिले तेव्हा
पलीकडून आवाज आला,
'ते नको दाखवूस.'

हे सगळं बाई मला सांगत होत्या
आणि मागे रांग खोळंबली होती.
पाव किलो कॉफीची पूड, चिकोरी घातलेली.
मी पाकीट काट्यावर ठेवलं, फॉर्म पुढे केला.
त्यांनी पिशवीतून डबा काढला,
पितळी, वीतभर उंच, झाकण एका बाजूला वाकलेलं.
'पूड यात घालून जाऊ दे.'
रिकामा होता. मी झाकण उघडलं.
आत पन्नास-साठ वर्षांचं जायफळ होतं,
एकही कण नसलेलं.

मी यादी पाहिली. पुन्हा पाहिली.
पितळ चालतं. रिकामं चालतं.
वासासाठी रकाना नाही.
'वस्तूचं वर्णन' याच्यापुढे लिहिलं:
जुना डबा, नग एक.
किमतीपाशी थांबलो.
'किती लिहू?'
'लोक काय लिहितात?'
'शंभर.'
'मग शंभर.'

त्या दिवशी घरी जाऊन
मी तीनदा हात धुतले,
आणि तिसऱ्यांदा का धुतले म्हणून हळहळलो.

डबा परत आला दिवाळीनंतर,
सुट्टीवर आलेल्या कुणा मित्राबरोबर.
आत तिथली कॉफी, फिकट पिवळसर, वेलदोड्याची.
बाईंनी कागदाच्या पुडीत
चमचाभर मलाही आणून दिली.
त्यांना नव्हती आवडली.
'दूधच नाही हो तिच्यात. काढ्यासारखी लागते.'
पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या.
'आणि डब्याला आता तिचाच वास येतो.'

'चिंच लावून आतून घासलात का?'

'नाही,' म्हणाल्या. 'राहू दे.'
आणि मेतकुटाचं पाकीट
काट्यावर ठेवलं.