दुसऱ्या नंबरचा रिमोट

तळोधीच्या बाजारात, रज्जाकभाईच्या भंगारात,
मिक्सरच्या फुटक्या भांड्याखाली दिसला तो.
कधीकाळी पांढरा होता,
आता तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा.
"दीडशे," रज्जाकभाई म्हणाला.
मी शंभर म्हणालो नाही.

हा माझा चौथा.
एक ब्रह्मपुरीहून आणला.
एक मूलच्या टीव्ही मेकॅनिकच्या बायकोनं फुकट दिला,
"न्या भाऊ, झुरळं झाले त्याच्यात."
एक नुसतंच खोकं, आत काही नाही,
तरी फडताळात ठेवलं आहे.
बायको म्हणते, लोक बकऱ्या पाळतात,
तुम्ही हे काय पाळून ठेवलं?

कॅसेट पिवळी. वर लिहिलेलं,
नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम.
खरे सहाच.
बाकी तेच सहा, नाव बदलून, कपडे बदलून.
हे कळायला आम्हाला एक आख्खा उन्हाळा लागला
आणि कळल्यावरही आम्ही
चार हजार बारावा लावून पाहिलाच.

आम्ही म्हणजे मी आणि वनमाला.
बाबा लाकडाच्या डेपोवर होते, बोनस झाला
तेव्हा नागपूरहून आणलेला त्यांनी टीव्ही गेम.
निळा रणगाडा माझा, लाल तिचा, असं ठरलेलं.
टीव्हीत दोन्ही राखाडी.

पहिल्या रिमोटला स्टार्टचं बटन असतं.
दुसऱ्याला नसतं.
दुसऱ्यानं नुसतं फिरायचं, विटा फोडायच्या, मरायचं.
सुरू करणं, थांबवणं पहिल्याच्या अंगठ्यात.
पहिला मी.
हे कोणी ठरवलं ते आठवत नाही,
म्हणजे कोणी ठरवलंच नसेल.

माझे जीव संपले की मी तिचा उसना घ्यायचो.
एक बटन दाबलं की यायचा,
विचारावं लागत नसे.

आणि मग लाइट जायची.
गल्लीभर पोट्टे ओरडायचे, काऊन गेली बे!
आमचे उरलेले सगळे जीव
पडद्याच्या मधोमध एका ठिपक्यात जाऊन बसायचे
आणि तो ठिपकाही विझायचा.
सव्विसाव्या पायरीपुढे आम्ही कधी गेलो नाही.

आता मीच लाइनमन.
रात्री फीडर बंद करताना मनात येतं,
कोणाचं काय अर्धं राहिलं असेल.
तरी खटका ओढतो. वेळ झालेली असते.

तान्ह्या पोळ्याला वनमाला आली.
पोरं लाकडी बैल सजवून मारुतीपुढे गेलेली.
मी वायर जोडली, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारली.
मग तिनंही मारली.
माझ्या फुंकरीवर तिचा भरवसा कधीच नव्हता.

मी पहिला रिमोट तिच्याकडे सरकवला.
तिनं उलटापालटा करून पाहिला.
"याले बटनं जास्त हायेत.
माह्या हाताले दुसराच माहीत हाय."
पण घेतला.

रंगीत टीव्हीवर पहिल्यांदाच दिसलं,
एक पिवळा, एक हिरवा.
निळा नव्हताच कुठे. लालही नाही.
"पाय बरं," ती म्हणाली, आणि हसत सुटली.

तिचा अंगठा अजून तसाच.
लसीचा डबा वाहून मनगट जाड झालं आहे, तेवढंच.
माझे तीन जीव चौथ्याच पायरीला गेले.
तिचे तीन शाबूत.
उसना घेण्याचं बटन मी दाबलं नाही.
"घे ना बे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"मले का करायचे येवढे?"

सव्विसावी आली, आणि तिचा फोन वाजला.
तिच्या गावची कोणाची तरी सून.
वनमालानं स्टार्ट दाबला.
सगळं जिथल्या तिथे.
"पानी गेलं का? कवापासून?
मंग गाडी बोलव, माही वाट नोको पाहू,"
बोलत बोलत ती अंगणात गेली.

विटांच्या अलीकडे एक गोळी अधांतरी.
माझ्याकडे दुसरा रिमोट.
पहिला चटईवर पडला आहे, हाताच्या अंतरावर,
तिच्या तळव्याचा घाम अजून त्याच्यावर.

दहा वाजता फीडर बंद व्हायचा आहे.
आज ड्यूटी दुसऱ्याची.
बाहेर ती कोणाला तरी सांगते आहे,
श्वास घे म्हणाव, हळू, हळू.