शून्याची खूण

हेरासिमोची फाल्कन चौथ्यांदा परत आली,
पासष्ट सालची, मागच्या सीटला चीजचा वास.
म्हणाला, नेरिस, चढाला दम टाकते ही.
एस्केलच्या वाटेवर मेंढ्या मागे टाकून जातात.
आणि तापते एवढी की बॉनेटवर अंडं तळून घे.

मी सगळं पाहिलं होतं.
पॉइंट घासले, फट मोजली, शून्य दशांश सहा.
कंडेन्सर नवा. प्लग नवे. रोटरला भेग नाही.
एक पाच तीन सहा दोन चार:
वायरी आपापल्या जागी, बाबांनी शिकवल्या तशा,
जेवणाच्या टेबलावर, सहा चमचे मांडून.

टायमिंग लाइटचा झोत पुलीवर धरला
तर खूण दहावर उभी, हलेना,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
तरी ठिणगी पोचायची उशिराच,
वरातीमागून घोडं.
पिस्टन परतीला लागलेला,
आणि ही मागून हाक मारते, थांब.

डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी एक ओरखडा आहे,
छिन्नीचा. बाबांचा.
लाइट त्यांनी कधी हातात धरला नाही.
बॉनेटखाली कान घालायचे,
बुजरं वासरू कानाला धरून वळवावं
तसा डिस्ट्रिब्यूटर वळवायचे,
इथं, म्हणायचे, आणि बोल्ट आवळायचे.

शेवटी शेवटी त्यांना किटलीची शिट्टीही ऐकू येईना.
तेव्हा याच गाडीवर मी लाइट धरला होता.
चोवीस.
चोवीस अंश, बाबा! पिस्टनला भोकं पडतील.
त्यांच्या देखत मी काटा दहावर आणला.
ते काही बोलले नाहीत. माते केला.
पहिला घोट कडू असतो,
करणाऱ्यानं तो आपणच प्यायचा असतो.
त्यांनी तो माझ्या हातात दिला.

आज वाऱ्यानं पत्रा उचलून आपटतोय,
बाहेर पाटी हेलकावते: आर्वेल पुग आणि कन्या.
काय मनात आलं कोण जाणे,
पहिला प्लग काढला.
जुन्या प्लगचं पोट फोडून त्यात बोल्ट बसवला,
भोकात पिळला, आणि पाना लावून
इंजिन हातानं फिरवलं
अडेपर्यंत. खडूची रेघ.
उलटं फिरवलं
अडेपर्यंत. दुसरी रेघ.

वरचं टोक हाताला कधी लागत नाही.
तिथं पिस्टन नुसता असतो थोडा वेळ,
ना चढता, ना उतरता.
दोन्हीकडून अडायचं
आणि मध्य काढायचा, दोऱ्यानं, दुमडून.

मध्य निघाला.
कारखान्यानं कोरलेलं शून्य
त्याच्यापासून चौदा अंश दूर.
पुलीचं बाहेरचं कडं आतल्या रबरावर
सरकत आलेलं, किती वर्षं देव जाणे,
आपली खूण अंगावर मिरवत.
लाइट खोटं बोलला नाही.
मीही नाही.

ओरखड्याला ओरखडा जुळवला.
नव्या रेघेवरून मोजलं: बारा.
पुस्तकात दहा लिहिलंय.
दोन अंश त्यांचे स्वतःचे,
नाहीतर ऐकू न आल्याचे.
मी ते काढले नाहीत.

किल्ली फिरवली. पहिल्या फेरीत उठली,
खोकली नाही, तक्रार नाही.
हेरासिमो तिला पुलापलीकडच्या चढावर घेऊन गेला.
मी दारात उभी राहिले,
दुसऱ्या वळणापर्यंत आवाज येत होता,
मग वाराच.

परत आला तेव्हा दात दिसत होते.
काय झालं होतं गं?
शून्य, मी म्हटलं.
त्याला वाटलं, बिल.
चीजचा एक अख्खा गोळा बाकावर ठेवून
माझा विचार बदलायच्या आत तो निघून गेला.

पुलीवर मी पांढऱ्या रंगाचा नवा ठिपका दिला.
नवं कडं मिळेपर्यंत.
आणि पाणी तापत ठेवलं. शिट्टी झाली.