तक्ता क्रमांक तीन

म्झुझूत मध्यरात्रीनंतर डेटा स्वस्त होतो,
म्हणून लुसुंगू न्यिरेंडा संध्याकाळी सातला झोपते
आणि बाराला उठते,
तान्ह्या पोराला पाजायला उठावं तशी.

शोधपट्टीत आधी तिनं लिहिलं: उसिपा.
आईकडून आलेलं नाव. बोटाएवढा मासा,
न्खाटा बेच्या काठावर बांबूच्या मांडवांवर वाळणारा,
सुटीत घरी गेलं की वह्यांनाही ज्याचा वास लागतो.
एक पाककृती आली, होडीच्या सहलीची एक जाहिरात,
आणि यंत्रानं अदबीनं विचारलं:
तुम्हाला दुसरंच काही म्हणायचं होतं का?

मग तिनं त्याचं लॅटिन नाव घातलं,
एकेक अक्षर तपासत;
शाळेच्या दाखल्यावर असतं तसलं नाव,
ज्यानं घरात कुणी हाक मारत नाही.
आणि दारं उघडली.
म्हणजे, निदान दारं दिसली.

सहाशे चौदा निकाल.
गोषवारा फुकट, पुढे कुलूप.
चोवीस तास वाचायचे चाळीस डॉलर.
तिची खोली महिन्याला याहून स्वस्त पडते,
आणि तिथून चोवीस तासांनी कुणी बाहेर काढत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात;
इथे शीत तेवढं ताटात, भात कपाटात.

पण एका शिताला खडा लागला.
एकोणीसशे ब्याण्णवचा निबंध,
पेंटी राउटावा, कुओपिओ, फिनलंड:
वाळवणीत ७३ टक्के मासा वाया जातो.

त्र्याहत्तर?
शंभरातले त्र्याहत्तर गेले असते
तर टिवोंगे मावशीनं पहिल्याच हंगामात
मांडवाचे बांबू चुलीत घातले असते
आणि शिवणयंत्र घेतलं असतं.

सात रात्री ती त्या आकड्याचा माग काढत गेली.
हा म्हणे, त्यांच्या मते.
ते म्हणत, आणखी कुणाच्या मते.
एकेचाळीस निबंध, दोन जाडजूड सरकारी अहवाल,
सगळे एकाच विहिरीवर घागरी भरणारे,
आत वाकून पाहिलेला एकही नाही.

शेवटी तिनं ईमेल लिहायला घेतली.
'प्रिय' लिहावं की 'आदरणीय',
यात वीस मिनिटं गेली,
मग वीज गेली.

उत्तर नवव्या दिवशी आलं.
स्कॅन वाकडं. प्रत्येक पानाच्या कडेला
राखाडी लोकरी बाहीतून आलेला एक अंगठा,
नखावर काळानिळा डाग,
पान उडू नये म्हणून दाबून धरलेला,
जसं काही स्वयंपाकघरातसुद्धा वारा असतो.

पान अकरा, तक्ता क्रमांक तीन, चौथी ओळ:
सात आणि तीन यांच्या मधोमध
निळ्या शाईचा ताजा ठिपका.
खाली थरथरतं अक्षर:

"दशांश चिन्ह छापखान्यात हरवलं.
मी शुद्धिपत्र पाठवलं होतं, पण त्याच महिन्यात
नियतकालिक विकलं गेलं.
बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
तुम्हाला संशय कसा आला?"

तिनं खूप वेळ विचार करून
एवढंच कळवलं:
माझ्या मावशीकडे शिवणयंत्र नाही.

निबंधात तिनं ७.३ लिहिलं,
तळटीप दिली: लेखकाशी खाजगी पत्रव्यवहार.
डॉक्टर म्सिस्कांनी ती लाल शाईनं अधोरेखित केली.
समासात शेरा:
'प्रकाशित संदर्भ द्यावा. या आकड्यासाठी
सुमारे चाळीस सहज उपलब्ध आहेत.'

लुसुंगूनं शेरा दोनदा वाचला.
त्यातल्या 'सुमारे'पाशी थोडी थांबली.
मग फोन चार्जिंगला लावला
आणि बाराचा गजर.